मोगरीची तहान

माघी पौर्णिमा उलटली की गोव्यातल्या आमच्या मये गावच्या घरी मोगरीची छाटणी होते. पंचावन्न वर्षांत त्यात खंड पडलेला नाही. झाडे नऊ, पाच विहिरीजवळ आणि चार वरच्या ओळीत, दोन पायऱ्या चढून, चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, लागून. फांद्या गुडघ्याएवढ्या राखायच्या, पान न् पान खुडायचे, मुळांवरची माती उकरून त्यांना ऊन दाखवायचे आणि होळीपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तहानेने कासावीस झालेली मोगरीच पुढे भरभरून कळ्या देते. होळीनंतर आळी शेणखताने भरून पाणी सोडले की पन्नासाव्या दिवशी वैशाखातली पंचमी, शिरगावच्या लईराईची जत्रा. देवीला मोगरी प्रिय, म्हणून तिच्या धोंडांच्या, व्रतस्थ भक्तांच्या, गळ्यातही मोगरीच.

माझे यजमान दत्ताराम बत्तीस वर्षे धोंड होते. व्रत पाळून निखाऱ्यांवरून चालत. गळ्यातला हार याच परसातला असे. बाजारातले फूल या घरातून देवीकडे कधी गेलेले नाही. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. धोंडांच्या हाती असते ती त्यांची वेताची काठी तेव्हापासून खुंटीलाच होती. यंदा मुरगावच्या गोदीत नोकरीला असलेल्या माझ्या नातवाने, गौरेशने, फोनवर सांगितले, "आजी, व्रत मी धरतो. हार मात्र आपल्या घरचा."

"नाही तर काय, म्हापशाच्या बाजारातला घालीन होय?" मी म्हटले.

त्यानंतर काही दिवसांनी पहाटेची स्वप्ने सुरू झाली. विहिरीवर धुके असे आणि धुक्यात यजमान उभे असत, निखाऱ्यांवरून नुकतेच आलेले, पायांना राख, गळ्यातला हार धगीने कोमेजलेला. "पद्मावती, उदक," ते म्हणत. मी कळशी भरून त्यांच्या ओंजळीत धार धरी. पाणी पिताना त्यांच्या घशाचा आवाज होत नसे. कोरडी माती ओलावताना सोडते तसा नुसता सुस्कारा येई. मग सगळीकडे मोगरीचा वास पसरे आणि मला जाग येई. दिवसभर तो वास पदराला राही.

होळीला बारा दिवस असताना विहिरीजवळच्या पाचही झाडांवर मला कोवळे डोळे फुटलेले दिसले. आता ही ओळ चैत्रातच फुलून जत्रेआधी रिकामी होणार होती.

"सुविधा!"

सून हात पुशीत आली.

"हे काय आहे?"

"पालवी, माई."

"ते मला दिसते. पाणी कोणी घातले? उघड्या झाडांची दया आली वाटते?"

ती माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली. "आता नाही व्हायचे तसे," एवढेच म्हणाली.

"दया येत असेल तर मांजर पाळ. मोगरीला दया चालत नाही."

ती आत गेली. मला वाटले, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे यजमान पुन्हा येऊन गेले. जाग आल्यावर मी खाटेवरून पाय खाली सोडले. पातळाचा काठ ओला होता. बोटांच्या बेचक्यांत तांबडी माती होती.

या घरात मी आजवर कोणाची क्षमा मागितलेली नाही, कारण चुकायची सवयच ठेवली नव्हती. मग पाय धुतले आणि स्वयंपाकघरात गेले. सुविधा तव्यावर आंबोळी घालीत होती.

"तुला ठाऊक होते."

"बरेच दिवस बघते आहे. रोज तुमच्या मागे पायरीवर उभी राहते. पडाल म्हणून."

"मग मला उठवले का नाही? आणि काल माझे बोल का ऐकून घेतलेस?"

"तुम्ही बाबांशी बोलत होतात, माई. मध्ये कशी बोलू?" तिने आंबोळी उलटली. "आणि इतक्या गोड आवाजात! आमच्या वाट्याला तो कुठे येतो? म्हटले, ऐकून तरी घेऊ."

मला हसू आले. ते मी दाबले. "काल तुला बोलले ते चुकले माझे," मी म्हटले. पुढचे विचारायला धीर लागला. "वरच्या ओळीला किती पाणी गेले?"

"एक थेंब नाही. पायऱ्या आहेत ना. तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचे नाव काढू नकोस. वरची ओळ आजपासून तुझी. होळीपर्यंत कोरडी ठेव, मग खत आणि पाणी तूच घाल. कळशी घेऊन मी त्या पायऱ्यांकडे वळले, तर आडवी हो."

"आणि खालची?"

"खालची त्यांची. मागतात तोवर त्यांना पाणी मिळेल."

खालची ओळ चैत्रात फुलली. फुले मी यजमानांच्या तसबिरीपुढे ठेवीत राहिले. ते येतच होते, आणि मागे पायरीवर कोणी उभे आहे हे आता मला स्वप्नातही कळत असे.

पंचमीच्या सकाळी सुविधाने वरच्या चार झाडांच्या कळ्या ओल्या फडक्यात आणल्या आणि ओसरीवर बसून हार गुंफला. वेताची काठी घेऊन गौरेश माझ्यापुढे वाकला. मी हार हातात घेऊन कळी न् कळी पाहिली.

"एक गाठ सैल आहे," मी म्हटले.

सुविधा वाकून गाठ शोधू लागली. सैल नव्हती, मला तो हार आणखी थोडा वेळ हातात हवा होता.