फिर्मिनचा आडोसा

आमच्या सायकल क्लबात फिर्मिनला सगळे गोचीड म्हणत. पाठीमागे म्हणावं, तर त्याच्या पाठीमागे कधी कोणी नसायचंच; शेवटचा तोच. समोरच्याच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून तो साठ किलोमीटर निवांत यायचा. वेस्टरहूक गावाची पाटी दिसली की डावीकडून सुटायचा आणि सगळ्यांच्या आधी तिथे पोचायचा. दुसऱ्याच्या आडोशाला चालवलं तर जवळपास एक तृतीयांश कष्ट वाचतात. मी हे गेंटच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकले. फिर्मिनने प्रयोग आधीच पूर्ण केले होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी जो पाटीला पहिला, त्याला आमच्या काफेतली शेगडीजवळची खुर्ची वर्षभर मिळायची. बाकीच्यांना बाकं. सात वर्षं ती खुर्ची फिर्मिनची होती.

मग साथ आली. जूनमध्ये गटाने फिरायची परवानगी मिळाली, तेव्हा क्लबाने स्वतःचा आणखी कडक नियम केला: दोन सायकलींत दहा मीटर अंतर. त्या वर्षी वाटाड्याचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे शिटी, पिवळं जाकीट आणि सगळ्यांच्या शिव्या.

पहिल्याच रविवारी नदीकडून जोराचा वारा होता. फिर्मिन सर्वांत शेवटी आला, तोंड बीटासारखं लाल.

"काय फिर्मिन," आमचे अध्यक्ष ओडील म्हणाले, "वारा भेटला का? झाली ओळख?"

फिर्मिनने काफेच्या भिंतीवर लावलेली नियमावली नाक टेकवून वाचली आणि माझ्याकडे आला.

"पोरी, एका घरातल्या माणसांना अंतराची अट नाही ना?"

"नाही."

"मग माझ्या बायकोला क्लबात घे. वर्गणी, विमा, सगळं पुरं. उद्या कोणी म्हणायला नको, ती पाहुणी होती."

त्याची बायको गोडेलीव्ह पोहायला शिकवायची. तलाव मार्चपासून बंद, आणि खांदे कपाटाएवढे. पुढच्या रविवारी ती आली, पण अजून पुरती तयार नव्हती.

"सव्वीस वर्षं तुझा संसार ओढतेय, आता तुलाही ओढू?"

"ओढायचं नाही गं. फक्त पुढे चालायचं."

"आणि मला काय मिळणार?"

"मी खुर्चीत बसलो की मान तुझाच ना!"

पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या पोरांकडे ती जसं बघत असेल, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं आणि सायकलवर बसली.

सगळा उन्हाळा हाच खेळ चालला. आम्ही विखुरलेल्या मण्यांसारखे दहा-दहा मीटरवर धापा टाकत, आणि ही जोडी चिकटून. मागून फिर्मिनच्या सूचना सुरू.

"हळू! जरा उजवीकडे! माझ्या गुडघ्याला वारा लागतोय!"

"लागू दे. घरी गेल्यावर स्वेटर विणते गुडघ्याला."

ओडील माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "ही लबाडी आहे. मी विधुर माणूस, मी कोणाच्या मागे लपू?"

"घरच्या कुत्र्याच्या," फिर्मिन म्हणाला.

मी नियमावर बोट ठेवलं आणि जोडीला जाऊ दिलं. खरं कारण निराळं होतं. दर रविवारी सगळा वारा एकटी गोडेलीव्ह खात होती आणि फिर्मिन एक मिनिटही नाही. सप्टेंबरपर्यंत दोघांच्या पायांचं काय होतं ते मला बघायचं होतं. तसं मी कोणालाच बोलले नाही.

शेवटच्या रविवारी वारा थेट समोरून होता. वेस्टरहूकचा सरळ रस्ता लागला तेव्हा जोडी सगळ्यांच्या पुढे होती. पाटी दिसली.

"आता हळू हो!" फिर्मिन ओरडला आणि नेहमीसारखा डावीकडून सुटला.

तो तिच्या खांद्याबाहेर आला मात्र, वाऱ्याने त्याला छातीवर हात ठेवून थोपवलं. तिच्या पायडलपर्यंत तो कसाबसा पोचला, तिथेच लोंबकळला. गोडेलीव्हने वळून पाहिलं.

"काय रे, दुखतंय का कुठे?"

त्याने धापा टाकत नकारार्थी मान हलवली.

"बरं, मग लवकर पोचू या," ती म्हणाली, सीटवरून उठून पायडलवर उभी राहिली आणि निघाली. पाटीला ती पोचली तेव्हा फिर्मिन चार सायकलींच्या लांबीएवढा मागे होता.

काफेच्या दारात त्याने तोंड उघडलं. "पण ती काही क्लबाची..."

"वर्गणी, विमा, सगळं पुरं," ओडील प्रेमाने म्हणाले. "एवढी काळजी घेणारा नवरा मिळायला भाग्य लागतं."

साथीमुळे सगळं बाहेर अंगणात मांडलं होतं, खुर्चीसुद्धा. गोडेलीव्ह बसली, पुढे झुकली, मागे झुकली.

"हिच्यासाठी सात वर्षं? ही तर डुगडुगते."

"मागच्या उजव्या पायाखाली बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा ठेवावा लागतो," फिर्मिन म्हणाला. आवाज असा, की जणू घरातलं गुपित फोडतोय. "दुमडून. मी दाखवतो."

"दाखव ना."

फिर्मिन फरशीवर गुडघे टेकून बसला. सगळा क्लब अंतर राखून बघत होता. त्याने पुठ्ठा दुमडला, पायाखाली सरकवला, वर पाहिलं.

"आता?"

"अजून हलते."

त्याने काढला, आणखी एक घडी घातली.

"आता?"

"किंचित."

मी समोरच उभी होते. खुर्चीचे चारही पाय मला स्पष्ट दिसत होते, आणि पहिल्या घडीनंतर त्यातला एकही हलला नव्हता.