कुयुन आणि सुनेचा ससा

मिर्लान मॉस्कोला बांधकामावर जायला निघाला, तेव्हा मागे बायकोला करमावं म्हणून कोचकोरच्या बाजारातून एक पांढरा ससा घेऊन आला. घरात कुयुनसारखा शिकारी कुत्रा, आणि हा ससा आणतो! इसाबेकला मुलाच्या अकलेची कीव आली. पण नवी सून बुरुल इतकी हरखली होती, की म्हातारा गप्प बसला. तिने सशाचं नाव ठेवलं पाख्ता, म्हणजे कापूस. पाख्ता आतल्या खोलीत, कुयुन अंगणात, मधलं दार कायम बंद. एवढ्यावर वर्ष निभावलं.

मार्चमध्ये मिर्लान पेटीतून घरी आला. परांचीवरून पडला होता. दफन झालं, चाळिसावा झाला, पाहुणे पांगले. बुरुल बोलेनाशी झाली. सशाला गाजर घालताना तेवढी आतून तिची कुजबुज ऐकू यायची.

अशात एका दुपारी दाराची कडी घालायची राहिली. आवाज ऐकून इसाबेक धावत आत गेला, तर पिंजरा आडवा पडलेला आणि कुयुन दातांनी जाळी ओरबाडतोय. कुत्र्याला त्याने मानगूट धरून बाहेर काढलं. ससा वाचला होता, पण कोपऱ्यात थिजून बसला होता. बुरुलने पिंजरा मांडीवर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. कुत्र्याला शिवी नाही, सासऱ्याला शब्द नाही. ती भांडली असती तर इसाबेकला बरं वाटलं असतं.

शेजारचा ओरोझ म्हणाला, कुत्रा मला द्या, सशापायी असलं जनावर साखळीला कशाला सडवता? पण कुयुनलाही मिर्लाननेच पिल्लू असताना कोटाच्या आत घालून आणलं होतं. म्हाताऱ्याला दोन्ही जीव हवे होते.

वासाची सवय व्हावी म्हणून त्याने आधी सशाच्या अंगाखालचं गवत कुयुनच्या जागेजवळ नेऊन ठेवलं. आठवड्याने पिंजरा उंच फळीवर चढवला आणि कुयुनला दोरी बांधून दाराशी बसवलं. कुत्रा थरथरायचा, लाळ गाळायचा, डोळे सशावर खिळलेले. त्याने आपणहून मान वळवली की मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा. नाही वळवली तर चल बाहेर. मारणं नाही, ओरडणं नाही. आणि सशाने घाबरून पाय आपटले, की त्या दिवसापुरतं तिथंच थांबायचं.

बुरुल सशाशेजारी नुसती बसून असायची. सासऱ्याला ती अता, म्हणजे बाबा, म्हणायची. एक दिवस म्हणाली, "अता, आज त्याने तीनदा मान फिरवली."

नवरा गेल्यापासूनचं तिचं हे पहिलं धड वाक्य. इसाबेकने दोरी उगाचच पुन्हा बांधली.

उन्हाळा सरता सरता पाख्ता खोलीभर मोकळा फिरू लागला आणि कुयुन दाराशी दोरीत पडून भिंत बघू लागला. तरी दोघांना एकटं सोडायचं नाही, असं म्हाताऱ्याने बजावून ठेवलं होतं.

"अजून विश्वास नाही का तुमचा?" तिने विचारलं.

"कुत्र्यावर आहे गं. त्याच्या रक्तावर नाही."

पहिलं बर्फ पडल्यावर ओरोझने इसाबेकला आणि कुयुनला आग्रहाने शिकारीला नेलं. एक रानससा अगदी कुयुनच्या पुढ्यातून उठला. कुयुन दोन ढांगा धावला, थबकला, आणि तोंड फिरवून मालकाकडे बघत उभा राहिला. मंडळी घोड्यांवर हसून लोळली.

ओरोझ इसाबेकला म्हणाला, "याला आता सुनेबरोबर लोकर कातायला बसवा."

इसाबेक खाली उतरला. खिशातला चरबीचा तुकडा त्याने कुत्र्यापुढे धरला. शिकवलं होतं तसाच तर वागला होता तो. पण परतताना म्हाताऱ्याला मागे वळून बघवेना. वाऱ्यासारखं जनावर आपण हाताने मोडलं हे त्याला कळत होतं, आणि वेळ आली तर पुन्हा तेच करू, हेही.

मिर्लानच्या वर्षाचं जेवण झालं. बुरुल भांडी विसळत होती. इसाबेक म्हणाला, "तेवीस वर्षांची आहेस. माझा चहा करण्यात जन्म घालवू नकोस. आईकडे जा."

"तुम्हाला कोण आहे, अता?"

"मला काय धाड भरलीय? जा."

आठ दिवसांनी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. पिंजरा मांडीवर घेऊन ती गेली. त्यानंतरही कुयुन रोज दाराशी येऊन पडायचा, रिकाम्या खोलीकडे पाठ करून.

पानगळीच्या दिवसांत तिचा फोन आला. तब्येतीचं झालं, गवताचं झालं, मग अडखळली. लग्न ठरलं होतं. माणूस शाळेत शिकवतो.

"अता, त्यांच्याकडे कुत्रा आहे. मोठा. पाख्ताला नेऊ की नको, कळत नाही."

इसाबेक खाली बसला. "ने. न्यायला काय झालं? फक्त घाई करायची नाही." मग त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, गवत, दोरी, उंच फळी. शेवटी विचारलं, "कुत्र्यापाशी रोज बसणार कोण?"

"ते बसतो म्हणालेत."

"मग माणूस चांगला आहे."

पलीकडे ती रडत होती. तिचं रडणं थांबेपर्यंत त्याने फोन कानाला धरून ठेवला.

दुपारी तो टेकडीवर मिर्लानच्या कबरीपाशी गेला. बुरुलच्या लग्नाचं त्याला सांगायलाच हवं, असं ठरवून गेला होता. हात उचलून दुआ मागितली, कडेचं वाळलं गवत उपटलं. सांगणं काही त्याच्याने झालं नाही.