घड्याळजीने ओढलेली रेघ

मी एक जुनी काचेची बाटली आहे, मित्रांनो. पोट वाटोळं, मान आखूड. काचकारखान्यात मला घडवलं, तेव्हा मापात घासलेलं एक काचेचं बूचही माझ्या तोंडाला बसवून दिलं. पुढे मी एका घड्याळजीकडे आले. माझ्यातल्या पेट्रोलमध्ये तो घड्याळांची बारीक चाकं धुवायचा. "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि मी फुशारून जायचे.

एकदा माझं बूच पडून फुटलं. यानं काय करावं? मनगटी घड्याळाची एक सुटी काच माझ्या तोंडावर ठेवली! तीही कडेला कपचा उडालेली. वर पंखा, शेजारी तापलेला दिवा. पेट्रोलची वाफ होऊन ते फटीतून चाललं. ना उकळी, ना धूर. दिसणार कुणाला?

त्याला दिसली ती फक्त घट. त्याने पेट्रोलच्या पातळीला कानशीने माझ्या अंगावर रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पेट्रोल रेघेखाली! शेजारच्या टेबलावर त्याची धाकटी बहीण बारा वर्षं घड्याळांना पट्टे बसवत होती. तो तिच्यावरच गरजला, "रोज तुझ्या स्कूटरमध्ये ओततेस ना?"

"दादा, मी?" तिच्या हातातला चिमटा गळून पडला. "मी चोर?"

बाई गं! ओरडावंसं वाटलं, पण बाटलीला कुठली वाचा? ती पर्स उचलून निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात घड्याळजीने मला गळ्यापर्यंत भरलं, तोंडावर तीच काच ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि तो भर उन्हाळ्यात महिनाभर लेकीकडे गेला. परत येऊन बघतो तर मी कोरडी ठणठणीत! तळाशी नुसता पिवळट डाग. त्याने मला उलटी केली. कुलूप तपासलं. शाबूत. किल्ली तर त्याच्याच खिशात होती. मग त्याचं बोट त्या काचेच्या फुटक्या कडेवर थांबलं.

त्याने बहिणीला बोलावलं, हात जोडले. ती दारातच उभी राहिली.

"दादा, पेट्रोल उडतं हे तुला महिन्यात कळलं. बारा वर्षांत मी नाही कळले?"

तिने आत येऊन आपला चिमटा उचलला आणि ती गेली.

आता मला नवं बूच आहे, अगदी घट्ट. शेजारची खुर्ची मात्र रिकामी आहे. मित्रांनो, बाटलीचं झाकण लावत जा. आणि कुणावर आळ घेण्याआधी ते झाकण एकदा नीट बघा. माझ्या अंगावरची रेघ तो रोज घासतो. ती जात नाही.