मला गुळगुळीत टायर चढवले तेव्हा

मी एक जुनी पिकअप गाडी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून ठेवते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की त्यांचा गळा दाटून येतो, असं तुम्ही ऐकलं असेल. माझा गळा दाटलेला नाही. जे घडलं ते मी वर्षभर मनात घोळवते आहे. आज सांगून टाकते.

अंगाने मी लहानच. पुढे चार माणसांची जागा, मागे उघडा हौदा. मी हायब्रिड आहे, म्हणजे माझ्या पोटात पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीवर चालणारी मोटरही. सावकाश जाताना मी विजेवर चालते, तेव्हा माझा आवाज येत नाही. पाच वर्षांपूर्वी लखनौच्या एका संशोधन संस्थेने मला घेतलं. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या चाकांना जाड, खोल खाचांचे टायर होते. त्यांना ऑल-टेरेन म्हणतात. डांबर, वाळू, चिखल, सगळीकडे पकड धरणारे. मला त्यांचा मोठा अभिमान होता.

माझं काम डॉ. सुचित्रा हसबनीस यांच्याकडे होतं. त्या मूळच्या मिरजेच्या, लखनौला अलीगंजात राहणाऱ्या. घाघरा नदीच्या काठच्या गावांत हातपंपांच्या पाण्यात कुठे कुठे आर्सेनिक निघतं. त्या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. बाटल्यांत पाणी भरून आणायचं आणि प्रयोगशाळेत तपासून गावाला सांगायचं, कोणत्या पंपाचं पाणी प्यायचं आणि कोणत्याचं नाही, हे सुचित्राताईंचं काम. ते पाणी आणायचं माझं काम. आणि मला चालवायचं काम रामसजीवनचं. तो बाराबंकीकडचा, पन्नाशीचा, कंत्राटावरचा चालक. सकाळी माझ्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय तो किल्ली लावत नसे. ताई त्याला भैया म्हणत, तो त्यांना डॉक्टर साहब.

नदीकाठी डांबर नसतं. पुराचं पाणी अडवायला मातीचा उंच बांध घातलेला असतो, त्याच्या माथ्यावरून वाट जाते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खड्डे. चार वर्षं मी त्या वाटेवरून गेले आणि एकदाही घसरले नाही. पण माझं कौतुक झालं ते त्याबद्दल नाही. कौतुक झालं मायलेजचं. एका लिटरमध्ये बावीस किलोमीटर. संस्थेने फाटकाशी माझा फोटो लावला, खाली तो आकडा मोठ्या अक्षरांत. दिल्लीहून पाहुणे आले की माझ्या गळ्यात हार पडे, आकडा वाचून दाखवला जाई. माझ्या चाकांकडे कोणी वाकून पाहिलं नाही.

त्या आकड्याचे राखणदार होते पंढरीनाथ उमाळकर. गाड्या आणि खरेदी त्यांच्या हाताखाली. ते अकोल्याचे. लखनौत मराठी घरं थोडी, त्यामुळे गणपतीत हसबनीस आणि उमाळकर एकाच पंगतीला बसत. सुचित्राताई त्यांना भाऊ म्हणत, तेही त्यांना ताई म्हणत. म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

पाचव्या वर्षी माझे टायर झिजले. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला असं समजायचं. रामसजीवनने ताईंना ते दाखवलं. ताईंनी अर्ज लिहिला आणि त्याला घेऊन स्वतः लालबागेत टायरच्या दुकानात गेल्या. तिथले म्हातारे मालक मुश्ताक साहेब माझ्यापाशी आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जाती कहाँ है ये?"

हा प्रश्न त्याआधी माझ्याबद्दल कोणी विचारला नव्हता.

ताईंनी सगळं सांगितलं. मग मुश्ताक साहेबांनी एकेक टायर पुढे ओढून समजावलं. निव्वळ चिखलाचे टायर शहरातल्या रस्त्यावर घरघर करतील आणि पेट्रोल पितील. हमरस्त्याचे टायर ओल्या मातीवर टिकणार नाहीत. मधले ऑल-टेरेन घ्या, पण आकार मूळचाच ठेवा, मोठे घातले तर काटा वेग चुकीचा दाखवेल. कडा मजबूत हव्यात, हौद्यातलं वजन पेलायला हवं, आणि कडेवरचे चार आकडे वाचून घ्या, टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते त्यात असतं. मायलेज दीड-दोनने उतरेल, हेही त्यांनी लपवलं नाही. ताईंनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि तसाच अर्ज पुढे पाठवला.

दोन दिवसांनी पंढरीनाथभाऊ माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. टायर बदलायला त्यांची हरकत नव्हती. हमरस्त्याचे गुळगुळीत टायर घातले तर मायलेज उलट वाढेल, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"ताई, आकडा बावीसवरून वीसवर आला तर वर काय उत्तर देऊ मी?"

"आकडा गाडीत बसत नाही, भाऊ. माणसं बसतात," ताई म्हणाल्या.

ते हसले आणि बघतो म्हणाले. मग ताई आठ दिवस मिरजेला गेल्या आणि त्या आठ दिवसांत मला गुळगुळीत टायर चढवले गेले. रामसजीवन आडवा आला होता. चालकाने गाडी चालवावी, खरेदी आम्ही करू, असं त्याला सुनावण्यात आलं. परत आल्यावर ताईंनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं: टायर नवे आहेत, दर्जा उत्तम आहे, खरेदी समितीने मान्यता दिली आहे.

यातलं काहीच खोटं नव्हतं. लखनौच्या हज़रतगंजात, डांबरावर, मी त्या टायरांवर लोण्यासारखी पळे. त्या बिचाऱ्यांवर माझा राग नाही. जे काम त्यांना जमणारच नव्हतं, ते त्यांच्यावर लादलं गेलं.

गावं वाट पाहत होती. कोरड्या दिवशीच जायचं, असं ठरवून ताई आणि रामसजीवन निघू लागले. सप्टेंबरात एका दुपारी आम्ही नयापुरवा नावाच्या गावाहून परतत होतो. हौद्यात एकोणीस पंपांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. बांधाच्या मध्यावर असताना पाऊस कोसळला. दहा मिनिटांत माती साबणासारखी झाली. माघारी वळायला रुंदी नव्हती. रामसजीवनने वेग अगदी कमी केला. माझी विजेची मोटर झटक्यात ओढ घेते, एरवी तो माझा गुण. त्या दिवशी चाकं जागच्या जागी गरगरली. मी पाय रोवायला गेले आणि मला पायच नव्हते.

मी खड्ड्यांच्या बाजूला कलले. शेवटच्या क्षणी रामसजीवनने स्टीअरिंग असं फिरवलं की पडताना त्याची बाजू खाली यावी, ताईंची वर. त्याचा उजवा खांदा माझ्या दाराखाली चिरडला गेला. ताईंना नुसतं खरचटलं. बाटल्या फुटून ते पाणी चिखलात गेलं. गावकऱ्यांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याने डोळे उघडून विचारलं, "डॉक्टर साहब, बोतलें बचीं?"

ताईंनी खोटं सांगितलं. हो म्हणाल्या.

यानंतर चौकशी बसली. मी दुरुस्तीला उभी होते आणि ताई मला पाहायला आल्या होत्या, तिथेच पंढरीनाथभाऊ एक टंकलेला कागद घेऊन आले. पावसाळी हवामानात चालकाने निष्काळजीपणे गाडी हाकली, असं त्यात लिहिलं होतं. खाली ताईंच्या सहीची जागा होती. निष्काळजी ठरला की कंत्राटी माणूस त्याच दिवशी घरी जातो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सही करून टाका, ताई. महिन्याभरात तुम्हाला हवे ते टायर देतो. आपल्या आपल्यात कशाला वाढवायचं?"

ताईंचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, इतका तो थंड होता. "ज्याने माझ्यासाठी खांदा चिरडून घेतला तो माझा आपला आहे, भाऊ. तुम्ही कोण, ते तुम्ही ठरवा." त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तेच गुळगुळीत टायर माझ्या चाकांवर तसेच ठेवायला गॅरेजवाल्याला बजावलं.

त्यांची मुलगी सानिका त्या दिवशी सोबत होती. निघताना ती म्हणाली, "मम्मा, उमाळकर अंकल तो अपने ही हैं न?"

चौकशी समितीत तिघे होते, पंढरीनाथभाऊ त्यातलेच एक. ताईंनी समितीला लेखी कळवलं की, जागा पाहिल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही, त्या स्वतः गाडी चालवतील, सगळ्यांनी बसावं. नाही म्हणता येईना. रात्रीच्या पावसानंतर आम्ही निघालो. ताईंनी मला बांधावर नेलं नाही, खालच्या शेतवाटेवर नेलं, जिथून खोल पडायची भीती नव्हती. दोर घेऊन ट्रॅक्टर आधीच उभा केला होता. पंढरीनाथभाऊ पुढे, ताईंच्या शेजारी होते.

बांध डोक्यावर दिसत होता. वीसेक पावलांत माझा मागचा भाग सरकू लागला. चाकं फिरत होती आणि मी आडवी जात होते. भाऊंनी वरची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"ताई, मागे फिरा."

"रामसजीवनला मागे फिरायला जागा नव्हती," ताई म्हणाल्या आणि त्यांनी इंजिन बंद केलं. मी वाटेकडेच्या उथळ ओहळात तिरपी रुतले होते. तिघांनाही बूट हातात घेऊन चिखलातून ट्रॅक्टरपर्यंत चालत जावं लागलं.

आता तुम्हाला वाटेल की न्याय झाला. थोडा झाला. रामसजीवन निर्दोष ठरला, त्याच्या उपचाराचा खर्च संस्थेने उचलला. पण अहवालात दोष दिला गेला रस्त्याला. टायर कोणी निवडले, यावर एक ओळही नव्हती. मला ऑल-टेरेन टायर मिळाले, मायलेज वीसवर आलं, आणि त्या दोन किलोमीटरवाचून कोणाचंच काही अडलं नाही. रामसजीवनचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. तो भांडारात बसून किल्ल्या देतो. यंदा गणपतीला ताई उमाळकरांकडे गेल्या नाहीत.

नयापुरव्याला आम्ही पुन्हा पोचलो ते बेचाळीस दिवसांनी. पाणी पुन्हा भरलं, तपासलं. शाळेजवळच्या पंपात विष निघालं. ताई ते सांगायला गेल्या तेव्हा एक बाई तिथेच घागर भरत होती. कडेवर तिची लहान मुलगी होती. त्या बाईने ऐकून घेतलं, हातातली घागर ओतून टाकली आणि शांतपणे म्हणाली, "पहिले बता देतीं, दीदी. सब यही पी रहे थे."

ताई माझ्यात येऊन बसल्या आणि त्यांनी वहीतल्या तारखा मोजल्या. ते बेचाळीस दिवस कोणत्याच अहवालात नाहीत, मित्रांनो. माझा राग आहे तो त्याचा.

तुम्ही मोठे व्हाल, कोणी वस्तू निवडायला सांगेल. टायर असोत, पूल असो, औषध असो. तेव्हा त्यावर ज्याचा जीव अवलंबून आहे त्याला आधी विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. आमची निगा राखा म्हणून मी हात जोडत नाही. माझे पत्रे ठोकून सरळ झाले आहेत. माणसाचा खांदा ठोकून सरळ होत नाही.