सुईणीचं लिंबू

नारायण पेठेत मथुराबाईंच्या घरी जायचं म्हटलं की तुळसा सुईणीच्या कपाळाला आठी पडे. पेशवाईतलं पुणं, सुईणीवाचून अडत नाही असं एकही घर नव्हतं, पण वागवायची तऱ्हा अशी की जणू ही बया भांडी चोरायलाच आली आहे. मागच्या दारानं ये, कशाला शिवू नकोस, तेल चोळ आणि चालू लाग. तिसऱ्या महिन्यापासून तुळसा मुकाट येत होती. आडवं झालेलं मूल पोट चोळून तिनंच सरळ केलं. त्याचं नाव कोण काढतंय!

बाळंतपणाचा आज पाचवा दिवस. तेलाची वाटी घेऊन ती बाळंतिणीच्या खोलीत शिरली, तर सून सगुणा भिंतीकडे तोंड करून पडलेली, छाती फडक्यानं आवळून बांधलेली. पोर कोपऱ्यात सुपात. रडून रडून आवाज बसला होता बिचारीचा. ओठांवर गुळाचं पाणी सुकलं होतं.

"दूध का तोडलं?" तुळसानं उंबऱ्याबाहेर उभ्या मथुराबाईंना विचारलं.

"अमावस्येची आहे, बापाच्या मुळावर. जोशीबुवांनी काल पत्रिका मांडली," त्या म्हणाल्या. "आमचा अनंत फौजेबरोबर उत्तरेत आहे, तुला ठाऊक नसेल तर सांगते. उद्या खडकवासल्याकडच्या गुरविणीला देऊन टाकायची."

"उद्यापत्तर जगंल का ती, बाई?"

"नाही जगली तर तिचं नशीब. तुला तेल चोळायला बोलावलंय, शहाणपण शिकवायला नाही."

तुळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसती दुष्ट म्हणावी तर लेकाच्या काळजीनं म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि म्हणूनच ती ऐकणार नव्हती. भ्यालेल्या माणसापुढे कुणाची अक्कल चालली आहे?

बाळ जन्मलं की त्याच क्षणी सुईणीनं दाराबाहेर लिंबू फेकायचं आणि बाहेर घटिकापात्रापाशी बसलेल्या जोशीबुवांनी ते पाहून वेळ धरायची, अशी रीत. तुळसाचं लिंबू म्हणजे वेळेला पक्कं. त्याच नावावर चार पेठांत तिला बोलावणी येत, त्यावरच तिची चूल पेटे. त्या दिवशीचंही ऐन वेळेला गेलं होतं. अमावस्या सरायला तेव्हा थोडी पळं उरली होती, आणि पोर रडली ती अमावस्या सरल्यावर, पाठीवर थापट्या खाऊन. सगुणेला तर शुद्धच नव्हती.

तुळसानं सुपाकडे पाहिलं. पोरीचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

"बाई, लिंबू आधी पडलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डोकं दिसलं आन् हात सुटला माझा. पोर मागनं झाली. रडू ऐकलंत न्हवं, तवाच. अवस सरल्यावरची, पाडव्याची हाय. सांगाया भ्याले मी."

धडधडीत खोटं.

"पोटच्या पोराची शपथ घे," मथुराबाई म्हणाल्या.

तुळसाला एकुलता एक लेक होता. तरी तिनं शपथ घेतली.

"उत्तम. पुन्हा या दारात दिसू नकोस. दुसऱ्या कुठल्या दारातही दिसणार नाहीस, ती व्यवस्था मी करते." मथुराबाईंनी पडवीत जाऊन गड्याला हाक मारली आणि पत्रिका पुन्हा मांडायच्या निरोपानं जोशीबुवांकडे पिटाळलं.

तुळसानं फडकं सोडलं. छाती दगडासारखी झाली होती. तिनं पोर लावली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा चिकटली आणि घटाघटा प्यायला लागली. तुळसाच्या जिवात जीव आला.

पाच दिवसांत पहिल्यांदाच सगुणेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्यापायी माझं लेकरू उपाशी राहिलं," ती म्हणाली. "तुझं कधी भलं व्हायचं नाही."

तुळसानं तोंड उघडलं. पडवीतून मथुराबाई इकडेच बघत होत्या.

"चुकलंच माझं, ताई," ती म्हणाली, आणि पोरीचं डोकं सगुणेच्या छातीशी नीट धरून बसली.