पायरीवरची हाक

आमचा उत्तमचंद म्हणजे धुळ्याच्या हस्तीमल कापडवाल्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा धाकटा भाऊ. दुकानात चार माणसं राबणारी, गादीवर पांढरीशुभ्र चादर, मागे छतापर्यंत लुगड्यांचे गठ्ठे. या पोरानं नुसतं बसायचं होतं हो! पण सुखानं बसेल तर तो उत्तम कसला? मुंबईला मामाकडे महिनाभर राहून आला आणि आल्या आल्या दुकानाच्या दारावर पाटी ठोकली: 'एकच भाव'.

"म्हणजे काय रे?" बाबूजींनी विचारलं.

"घासाघीस बंद. सांगितला तोच भाव."

बाबूजी मटकन गादीवर बसले आणि मला म्हणाले, "पानबाई, तुझ्या भावाला कुणीतरी काहीतरी खायला घातलंय."

आता आमच्याकडची रीत सांगते. दुकानदारानं पाच सांगायचे, बाईनं तीन म्हणायचं. मग 'राहू द्या' म्हणून तिनं उठायचं, पायऱ्या उतरायच्या आणि शेवटच्या पायरीवर पायताण शोधत रेंगाळायचं. तेवढ्यात दुकानदारानं हाक मारायची, "या हो बाई, तुमचंही नको, माझंही नको!" की झाला सौदा. बाबूजींची हाक तर अशी, की बाई चौकात पोचलेली असली तरी माघारी यायची.

उत्तम हाकच मारेना.

साक्रीच्या भिकुबाई आखाजीच्या सणाला माहेरी येणाऱ्या लेकीसाठी लुगडं घ्यायला आल्या. भाव ऐकला, "चालनी मी!" म्हणून उठल्या आणि पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. हाक नाही. मग तिथंच बसल्या. ऊन डोक्यावर आलं तसं उत्तमनं पाण्याचा तांब्या पाठवला, पण हाक काही नाही. शेवटी बाई आपणहून आत आल्या. "मनी पिशवी राही गई," म्हणाल्या. पिशवी काखेतच होती! मग मुकाट्यानं लुगडं घेतलं आणि जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "भाऊ, तू काबरं हाक नही मारी? मी घर जाईसन काय सांगू?"

खरंच बोलली बिचारी. लुगडं काय, सगळ्याच नेसतात. भाव पाडून आणलं, ही चारचौघींत सांगायची गोष्ट. तीच या शहाण्यानं काढून घेतली. गिऱ्हाईक समोरच्या दुकानाकडे वळायला लागलं आणि बाबूजींचा पारा चढला.

"त्या भुसावळच्या सोयरिकीत या पाटीनं विघ्न आणलं ना," ते गरजले, "तर पाटी उखडून चुलीत घालीन!"

भुसावळची सोयरीक म्हणजे सूरजमलजींची राजकुंवर. उत्तमनं तिला जळगावच्या एका लग्नात पापड वाढताना बघितलं होतं. तेव्हापासून घरात नुसता पापड भाजला तरी हा लाजायचा. पाटीही हवी आणि राजकुंवरही हवी, असा सगळा घोळ.

आणि एक दिवस हातभर घुंगट ओढलेली एक बाई दुकानात आली. तिनं पैठणी काढायला लावली, शालू काढायला लावला, अख्खी गादी भरून टाकली. मग भाव केला. उत्तम ढिम्म. बाई उठली, पायरीवर गेली, थांबली. उत्तमनं पाणी पाठवलं. बाई पाणी प्यायली, आणखी थोडं थांबली आणि चालती झाली. टांग्यात बसताना तिच्या गड्यानं पानवाल्याला सांगितलं, "या भुसावळच्या जडावबाई. राजकुंवरच्या आई. पोरगा बघायला आल्या होत्या."

झालं! घरात सुतक पडल्यासारखं झालं. उत्तमनं जेवण सोडलं. मी त्याला वाट्टेल ते बोलले, "मेल्या, एकदा हाक मारली असतीस तर तुझी जीभ झडली असती का?" तो भिंतीकडे तोंड करून बसला. पण पाटी काही काढेना.

आठवडाभरानं भुसावळहून निरोप आला: बोलणी करायला या. आमचा कुणाचाच विश्वास बसेना.

बैठकीत बाबूजी आणि उत्तमसमोर सूरजमलजी बसले होते, पण ते नुसती मान हलवायचे. बोलायच्या जडावबाई, दाराच्या पडद्याआडून. मी आत त्यांच्या शेजारीच होते.

"मुलाच्या टिक्याला पन्नास तोळे सोनं," बाबूजींनी वरदक्षिणेपासून सुरुवात केली.

"पंधरा," पडद्याआडून आवाज आला.

"बरं, चाळीस."

"पंधरा."

"अहो, काहीतरी रीतभात! तीस!"

"व्याही, तुमच्या दुकानावर पाटी आहे. उन्हात उभी राहून मी ती नीट वाचली. पोराचा शब्द हलत नाही, म्हणून तर मुलगी देते. आमचाही एकच भाव."

बाबूजींनी पगडी सारखी केली, छत्री काखेत मारली आणि उठले. "राहू द्या मग!" म्हणाले, पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर जोडा शोधत थांबले.

मी पडद्याच्या फटीतून उत्तमकडे पाहिलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. बापाला हाक मारावी तर पाटी खोटी, न मारावी तर राजकुंवर गेली. त्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. माझा जीव तुटत होता आणि त्याच वेळी उठून त्याला एक ठेवून द्यावी असंही वाटत होतं. मागे राजकुंवर माझा पदर घट्ट धरून उभी होती. ती रडत होती. जडावबाई शांतपणे सुपारी कातरत होत्या.

बाहेर बाबूजींनी डावा जोडा घातला, काढला, पुन्हा घातला. मग मोठ्यानं खाकरले. मग ऊन लागायला लागलं तसे पायरीवर बसले. त्यांच्या पाठीकडे बघून मला हसूही येईना.

बऱ्याच वेळानं जोड्यांचा आवाज आला. बाबूजी दारात उभे, घामानं डबडबलेले, नजर जमिनीवर.

"माझी छत्री राहिली," ते म्हणाले.

छत्री काखेतच होती.

जडावबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "राजकुंवर," त्या म्हणाल्या, "डोळे पूस आणि सासऱ्यांना पाणी दे."