टेबलाचा आखूड पाय

भिंगरीने बुटकं टेबल उलटं केलं, आखूड पायाच्या तळाला घरून घासून आणलेली लाकडाची चकती बसवली आणि दोन बारीक खिळे ठोकले. टेबलावरची बुद्धमूर्ती आणि काकूंचा फोटो आजोबाने छातीशी धरून ठेवला होता. आजोबा तिच्याच वर्गातला. वय कोवळं, पण बोलणं पेन्शनरासारखं, म्हणून ते नाव.

"आटप लवकर. सर येतील."

"येऊ देत. सुतारकाम शिकवणाऱ्या माणसाच्या घरात लंगडं टेबल! आपल्यालाच लाज वाटायला हवी."

सर मेणबत्त्या आणायला खाली गेले होते. ते येईपर्यंत टेबल जागेवर आलं, मूर्ती आणि फोटोही. भिंगरीने तळहाताने दाबून पाहिलं. जरासुद्धा हललं नाही. तिला फार बरं वाटलं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्यापासून कार्यशाळा सुटली की दोघं इथे येत. काकू असताना रोज संध्याकाळी त्या बुद्धवंदना म्हणायच्या आणि सर गॅलरीत उभे राहायचे. त्यांना त्यातलं काही येत नव्हतं. तरी घरातली वंदना बंद पडू नये असं त्यांना वाटे. भिंगरीला ती आईमुळे तोंडपाठ होती. ती म्हणायची, आजोबा मागून रखडत यायचा. सर मात्र अजून गॅलरीतच. वंदना संपली की आत येऊन मुकाट्याने चहा टाकत. कार्यशाळेत ते परत फिरकले नव्हते आणि घरातही कुठे बूड टेकत नव्हते. एकदा तरी त्यांनी आपल्याशेजारी येऊन बसावं, यासाठी भिंगरीचा जीव वरखाली होत होता.

मेणबत्ती लावून तिने सुरुवात केली. तोंडात शब्द आणि डोळा गॅलरीवर. सर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. मध्येच थांबून त्यांनी कपड्यांची दोरी सोडली, पुन्हा ताणून बांधली, पुन्हा सोडली.

पंचशील झालं, काकूंसाठी पुण्यानुमोदन झालं. भिंगरी नेहमीसारखी टेबलाला हात टेकून उठली. सर आले नाहीत. आजोबाने खाकरून पाहिलं. तरी नाहीत. शेवटी तीच गॅलरीत गेली.

"सर, चहा मी टाकू?"

"वंदना होऊ दे ना आधी."

"झाली की. केव्हाच."

सर वळले. "झाली? मग वाजलं कसं नाही?"

"काय?"

"टेबल. तिचे गुडघे दुखायचे, त्यावर भार देऊन उठायची. ते खटकन वाजायचं. ते वाजलं की मी आत यायचो."

या घरातला काकूंचा शेवटचा आवाज तिने आपल्या हाताने बंद केला होता, आणि वर खूशही झाली होती.

"मी पाय नीट केला, सर," ती कशीबशी म्हणाली. "आत्ता काढते. चकती उचकटली की झालं."

सर आत गेले. वाकून त्यांनी टेबल एका कोपऱ्यावर दाबलं, मग दुसऱ्या. पायाखाली बोट फिरवून सांधा चाचपला. आजोबा भिंतीला चिकटून उभा होता.

"किती वर्षं मागे लागली होती ती माझ्या," सर म्हणाले. "उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिलो."

"सर, काढते ना मी."

"नीट झालेलं काम बिघडवायचं नाही. हेच शिकवलं का मी?"

मग ते खाली बसले. आधी एक पाय दुमडला, तो सरळ केला, दुसरा दुमडला. बसायची सवयच मोडली होती. भिंगरी पटकन त्यांच्या शेजारी बसली. कार्यशाळेत कोणाचं काम केसभर चुकलं की सर ज्या आवाजात ते परत करायला लावत, त्याच आवाजात ते म्हणाले,

"पहिल्यापासून."

तिने सुरुवात केली. एकेका शब्दामागे सरांचा जाडाभरडा आवाज अडखळत येऊ लागला. त्यांनी हात टेबलाच्या कडेवर, काकू टेकायच्या तिथेच ठेवला होता. टेबल हलत नव्हतं.